रेघेबाहेर जाणारा हात

माझ्या भावजयीबद्दल सांगते, आणि आधीच सांगून ठेवते, मी तिची सख्खी नणंद आहे. नणंदेच्या तोंडून भावजयीचं कौतुक ऐकायची कोणाला सवय नसते, ठाऊक आहे मला. पण जे आहे ते आहे. माझा भाऊ पंडित माझ्या जिवाचा. त्याच्यासाठी मी कोणाशीही भांडेन, आणि भांडलेही आहे. तरी या प्रकरणात मी भागीरथीच्या बाजूची. का, ते ऐका म्हणजे कळेल.

आम्ही राहतो सुरतेत, भेस्तानला. मूळ गाव शिंदखेड्याकडचं. घरात अहिराणी, बाजारात हिंदी, दुकानात गुजराती, आणि तुमच्यासारखं कोणी आलं की ही अशी मराठी. सगळं अहिराणीत सांगितलं तर तुम्हाला झेपायचं नाही, म्हणून आमची बोलणी मी जरा सोपी करूनच सांगते. माझा नवरा हिलाल कारखान्यात, मी घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापते. तीन दारं सोडून दादाचं घर. दारावर मोठ्या निळ्या अक्षरात लिहिलंय, ‘पंडित पेंटर’.

दादा पाट्या रंगवतो. पोरगा असताना उधन्याला एका गुजराती पेंटरच्या हाताखाली शिकला. गुजराती म्हणा, हिंदी म्हणा, मराठी म्हणा, सगळं लिहितो. शेपटीची अक्षरं, सावलीची अक्षरं, फुगीर अक्षरं, काय हवं ते. पण आमच्या भागातलं गिऱ्हाईक मागतं ते एकच, ठोकळा. जाड, सरळ, शेपटी नाही, नखरा नाही, रस्त्याच्या पलीकडून वाचता आलं म्हणजे झालं. पीठगिरणी. पंक्चर. खोली भाड्याने देणे आहे. यात फुलं कशाला काढायची? फ्लेक्स आलं आणि अर्धे पेंटर रिक्षा चालवायला लागले. दादा टिकला, कारण शटरवर, टेम्पोच्या फाळक्यावर आणि गिरणीच्या खडबडीत भिंतीवर फ्लेक्स टिकत नाही.

आता त्यांची कामाची रीत सांगते, कारण सगळं त्यातच आहे. दादा खडूने अक्षर आखतो. नुसती बाहेरची रेघ. काय हात आहे त्याचा! पट्टी लागत नाही, दोरी लागत नाही. आखलं की तो शिडीवरून उतरतो आणि विडी पेटवतो. मग वहिनी चढते. आतला रंग भरायचं काम तिचं. लग्न होऊन आली त्या वर्षापासून तिचंच. दादाचे ब्रश बारीक केसांचे, महागाचे. तो बायको परगावी पाठवेल, पण ब्रश कोणाच्या हातात देणार नाही. मग वहिनीने आपली सोय आपण केली. बांबूच्या काडीला चिंधी गुंडाळली आणि झाला तिचा ब्रश. सुरतेत चिंध्यांना काय तोटा, पण इथल्या चिंध्या सगळ्या पॉलिस्टरच्या, त्यात रंग धरत नाही. तिने जुन्या सुती लुगड्याचे तुकडे केले. चिंधी रंगात बुडवायची, अक्षराच्या पोटात दाबायची आणि तिथून बाहेर ढकलत न्यायची. रेघेशी आली की ती थांबत नाही, जराशी पुढेच जाते. का, तर मध्ये पांढरं राहायला नको. त्यामुळे तिच्या अक्षराची कड गुळगुळीत होत नाही. कुठे चिंधीचा धागा उमटतो, कुठे रंग जरा बाहेर येतो.

आणि खालून दादा ओरडतो. ‘रेघ सोडू नको वं भागी! कडा घाण करी राहिनी!’

हे मी किती वर्षं ऐकलं याचा हिशेब नाही. ती शिडीवरून म्हणायची, ‘हो हो,’ आणि करायची तिच्या मनासारखंच. घाबरणारी बाईच नव्हे ती. एकदा पर्वत पाटियाच्या रस्त्यावर एका टेम्पोवाल्याने तिला शिडीवर बघून खालून काहीतरी शेरा मारला. वहिनीने चिंधी जराशी पिळली. त्याच्या पांढऱ्या शर्टावर लाल धार. ‘अगं बाई, सांडलं की!’ म्हणाली, आणि पुढचं अक्षर भरायला लागली. टेम्पोवाला शर्ट झटकत निघून गेला.

पण लोकांना विचारा, पाट्या कोणाच्या? पंडितच्या. लग्नकार्यात कोणी दादाला विचारलं, ‘वहिनी काय करतात?’ तर तो म्हणायचा, ‘ती ना, माझ्याबरोबर असते. रंग भरते.’ जसं काही पाणी भरते. मला राग यायचा. वहिनी मात्र हसून वाढायला उठायची.

मागच्या हिवाळ्यात एक पोरगी मोपेडवरून गल्लीत आली. हर्षदा नाव. आईबाप वर्ध्याकडचे, वडील सचिन गावातल्या केमिकल कारखान्यात, पण पोरगी सुरतेतच जन्मली आणि वाढली. बोलताना मराठीत गुजराती कधी घुसते ते तिचं तिलाही कळत नाही. ती अक्षरांचं काम करते. म्हणजे कॉम्प्युटरमध्ये जी अक्षरं असतात ना, ती कोणीतरी बनवावी लागतात म्हणे. मला वाटायचं ती आपोआपच असतात. तिने आमच्या भागातल्या सगळ्या शटरांचे आणि टेम्पोंचे फोटो काढले होते, आणि विचारत विचारत दादाच्या दाराशी आली.

‘काका, तुमच्या अक्षरांचा मला फॉन्ट करायचाय.’

‘म्हणजे काय करायचंय?’

‘म्हणजे कोणी कॉम्प्युटरवर टाइप केलं की तुमच्या हाताची अक्षरं उमटतील. पोस्टरवर, पुस्तकाच्या कव्हरवर, चहाच्या पाकिटावर. बारीक मजकुराला नाही चालणार, पण मोठं लिहायचं असेल तिथे हाच. देवनागरी पण आणि गुजराती पण. तुमचं नाव जाईल त्याच्याबरोबर, फोटो जाईल.’

पैसेही मिळणार होते, ते मी काही सांगत बसत नाही. दादाची छाती अशी फुगली की शर्टाची गुंडी तुटते की काय. मी तिथेच होते. वहिनी चहा घेऊन आत-बाहेर करत होती. दादाने विचारलं, ‘पण बेटा, सुरतेत पेंटर काय कमी आहेत? माझ्यातच काय पाहिलंस?’ विचारायचं कारण एकच, पोरीने अजून जरा कौतुक करावं.

हर्षदाने मोबाइलवर गिरणीच्या पाटीचा फोटो मोठा करून दाखवला. बोट ठेवलं ते नेमकं अक्षराच्या कडेवर. ‘ही कड बघा. सरळ रेघ तर कॉम्प्युटर पण मारतो. ही कड त्याला येत नाही. लांबून एकदम पक्कं अक्षर, अने जवळ गेलं की हात दिसतो. मला हाच हात पाहिजे.’

दादा मान डोलवत होता. त्याने ऐकलंच नाही हो. त्याला ऐकू आलं एवढंच की माझा हात पाहिजे. वहिनी मात्र चहाचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. ज्या कडांसाठी या बाईने आयुष्यभर बोलणी खाल्ली, त्याच कडा ही पोरगी मागायला आली होती.

पोरगी गेल्याबरोबर मी तोंड उघडणार, तोच वहिनीने माझा दंड धरला आणि मला मोरीशी नेलं.

‘कमलताई, तुम्ही एक शब्द बोलायचं नाही.’

‘का नाही? त्या कडा तुझ्या आहेत! दादाचा फक्त खडू आहे!’

‘मला माहीत आहे.’

‘मग सांग ना त्याला!’

‘सांगितलं तर हो म्हणतील. मान डोलवतील. बायकोचं मन राखलं, असं चार लोकांत सांगतील.’ तिने कपबशा विसळायला घेतल्या. हात जोरात चालत होते. ‘मला कोणी माझं मन राखायला नको आहे. त्यांना डोळे आहेत. त्यांनी स्वतः बघावं आणि स्वतः बोलावं. एकदाच बोलावं, पण त्यांच्या तोंडून यायला हवं. तोवर मी चिंधी हातात धरणार नाही.’

‘आणि नाही दिसलं त्याला तर?’

‘तर नाही. फॉन्टशिवाय मी मरत नाही. माझ्या गळ्याची शपथ, कमलताई.’

शपथ घातल्यावर काय बोलणार? गप्प बसले. गप्प बसणं मला जमत नाही, पण बसले.

दादाने गल्लीभर सांगितलं. समोरच्या इंदुबाईला तर दोनदा सांगितलं, ती बिचारी दोन्ही वेळा ‘हो का?’ म्हणाली. फोटोसाठी नवा शर्ट आणला. हर्षदाने जाड कागदाचे मोठे ताव आणि काळा रंग आणून दिला होता. सगळी मुळाक्षरं लिहून हवी होती, अ पासून. दादा म्हणाला, ‘या कामाला मी कोणाचा हात लावून घेणार नाही. भागी, तू आराम कर.’

वहिनी म्हणाली, ‘बरं,’ आणि माझ्याकडे धागे कापायला येऊन बसली. कात्री अशी चालवत होती की मला साडीची काळजी वाटायला लागली.

दादाने ताव भरले. आखले त्यानेच, रंग भरला त्यानेच, महागाच्या ब्रशने. मी बघून आले. वा! छापल्यासारखी अक्षरं. एक कड इकडची तिकडे नाही. त्याने ते दाराशी वाळत घातले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत बसला.

हर्षदा आली. एकेक ताव बघत गेली. पोरगी चांगल्या वळणाची, तोंडावर काही बोलली नाही, पण चेहरा पडला तो लपला नाही.

‘काका, छान आहेत. पण ही ती नाहीत.’

‘ती नाहीत म्हणजे? माझीच आहेत!’

‘तुमचीच, पण ती कड नाहीये यात. जी गिरणीच्या भिंतीवर आहे. हे तर कॉम्प्युटर पण करतो.’

दादाला वाटलं, कागदामुळे. म्हणाला, भिंतीवर रंग वेगळा बसतो. मग त्याने मागच्या भिंतीला चुना लावला आणि तिथे लिहिलं. तसंच आलं, गुळगुळीत. पत्र्यावर लिहिलं. गुळगुळीत. मग त्याने काय केलं असेल? हात मुद्दाम थरथरवला! कडा दातेरी केल्या, ब्रश झाडून शिंतोडे उडवले. हर्षदा हळूच म्हणाली, ‘काका, हे मुद्दाम केल्यासारखं दिसतं.’ खोटं थोडंच होतं? रुसलेल्या पोराने अभ्यासाची वही खराब करावी, तशी दिसत होती ती अक्षरं.

‘घाईच नाही,’ ती म्हणाली. ‘तुम्ही परत करून बघा. मी येते.’ आणि गेली.

इतकं होऊनही त्याला दिसलं नाही, म्हणजे बघा. त्याच्या डोक्यात ती कड म्हणजे घाण. इतकी वर्षं घाण म्हणूनच ओरडत आला. शिकलेली पोरगी मोपेडवरून येऊन घाण कशाला मागेल, असं त्याला वाटत होतं. त्यामुळे ती कशाबद्दल बोलते आहे हेच त्याला कळेना. त्याला वाटलं, आपल्या हातातच काहीतरी होतं आणि ते संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर तो ओट्यावर बसला होता, उजवा हात मांडीवर ठेवून. त्या हाताकडे बघत होता.

‘मना हात गया, कमल,’ म्हणाला.

ज्याने मला बोट धरून धुळ्याच्या गाडीतून या शहरात उतरवलं, तो माझा भाऊ असा बसलेला मला बघवेना. ‘काही गेला नाही हात,’ म्हटलं. तो म्हणाला, ‘तुला काय कळतं?’ म्हणाला, ‘वय झालं. त्या पोरीला फोन केलाय, ये म्हटलं संध्याकाळी, तुझे कागद आणि रंग घेऊन जा. दुसरा पेंटर बघ.’

मी तडक आत गेले. वहिनी भाकरी थापत होती. माझा आवाज चढला. ‘तो तिथे मरायला टेकलाय आणि तू भाकरी थापतेस? संध्याकाळी पोरगी कागद परत न्यायला येतेय. बोल आता!’

तिने भाकरी तव्यावर टाकली. मग माझ्याकडे वळली, आणि तिचे डोळे भरलेले होते. ‘तुम्हाला काय वाटतं, मला बरं वाटतंय? काल जेवले नाहीत ते. मीही नाही जेवले. पण कमलताई, आज मी सांगितलं की हा हात माझा आहे, तर काय होईल? त्यांचा हात गेलाय, आणि वरून बायको म्हणते तो कधी तुमचा नव्हताच. कसं वाटेल त्यांना? माझ्याकडून कळलं तर तो मार होईल. त्यांचं त्यांना कळलं तर...’ ती थांबली. ‘तर मग ते माझं होईल.’

मी बाहेर आले. आणि ओट्यावर उभ्या उभ्या माझ्या डोक्यात आलं की मी बोलणार नाही अशी शपथ घेतलीय. दादाला कुठे घेऊन जाणार नाही, अशी कुठे घेतलीय?

‘दादा,’ म्हटलं, ‘चल, गिरणीत दळण टाकायचंय. डबा जड आहे.’

‘हिलालला सांग.’

‘हिलाल पाळीवर गेलाय. बहिणीचा एक डबा उचलवत नाही तुला?’

उठला. कुरकुरत का होईना, उठला. भाऊच तो.

छगनभाईची गिरणी नाक्यावर आहे. तिच्या पुढच्या भिंतीवर दादा-वहिनीने लिहिलेलं, मोठ्या लाल अक्षरात, गुजरातीत आणि हिंदीत. हर्षदाच्या मोबाइलमध्ये होती ती हीच भिंत. आणि गिरणीच्या बाजूच्या भिंतीवर, गल्लीकडे, आणखी चार ओळी आहेत, गहू-बाजरी-मसाला दळून मिळेल म्हणून. त्या दादाने एकट्याने लिहिलेल्या. वहिनीची आई वारली तेव्हा ती दोंडाईच्याला माहेरी गेली होती, त्या वेळच्या. मला पक्कं आठवत होतं, कारण त्या वेळी शिडी धरायला मी उभी होते आणि माझ्या मानेवर रंग पडला होता.

दळण टाकलं. नंबर यायला वेळ होता. मी दादाला म्हटलं, ‘आत पीठ उडतंय, बाहेर उभं राहू.’ कोपऱ्यावर उभं केलं त्याला, जिथून दोन्ही भिंती दिसतात. आणि तोंड घट्ट मिटलं. देवा, काय त्रास झाला म्हणून सांगू! जीभ दाताखाली धरून उभी होते.

दादा आधी रस्त्याकडे बघत होता. मग सवयीने नजर भिंतीकडे गेली. पेंटरची नजर ती, पाटी दिसली की वाचणारच. पुढची भिंत वाचली. बाजूची वाचली. परत पुढची. मग तो जवळ गेला.

तेवढ्यात छगनभाई हात झटकत बाहेर आले. ‘पंडितभाई, आ बाजुनुं लखाण फरी करी आपो ने. आगळनुं रोड परथी वंचाय छे, आ बाजुनुं कोई जोतुं ज नथी.’ म्हणजे काय, तर पुढचं रस्त्यावरून वाचता येतं, बाजूचं कोणी बघतच नाही, ते परत करून द्या.

दादाने विचारलं, ‘हे बाजूचं कधी केलं होतं मी?’

मी? मी कशाला बोलते! मी डब्याच्या झाकणाकडे बघत उभी राहिले.

‘भाभी गाम गयां हतां त्यारे,’ छगनभाई सहज म्हणाले. भाभी गावी गेल्या होत्या तेव्हा. ‘तमे एकला ज हता ने. भाभी साथे होय तो काम जुदुं थाय छे.’ भाभी बरोबर असल्या की काम वेगळंच होतं. आणि आतून कोणी हाक मारली म्हणून ते गेले.

दादाने पुढच्या भिंतीवरच्या एका अक्षरावर बोट ठेवलं, कडेवर. वरपासून खालपर्यंत फिरवलं. मग बाजूच्या भिंतीवर तसंच. मग पुन्हा पुढच्या. गिरणीत आलेल्या बायका बघत होत्या, हा माणूस भिंत काय चाचपतोय म्हणून. त्याचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, याला चक्कर येते की काय. मी पुढे झाले, तर त्याने हात वर केला, थांब म्हणून.

‘तुला माहीत होतं?’ त्याने विचारलं.

मी होकाराची मान हलवली.

‘तिला?’

मी परत मान हलवली. शपथ न बोलायची होती, मान न हलवायची नव्हती.

तो पायरीवर बसला. म्हणाला, ‘मी तिला ओरडायचो ना ग.’ मी म्हटलं, ‘हो, ओरडायचास.’ खोटं कशाला बोलू? त्याने तोंडावरून हात फिरवला. मग दळण झालं, त्याने डबा खांद्यावर घेतला आणि घराकडे निघाला. डबा माझ्या दाराशी ठेवला, आणि घरी न जाता कुठेतरी निघून गेला. जेवायलाही आला नाही. वहिनीने विचारलं, कुठे आहेत, तर मी म्हटलं, येईल. वाटलं, आपण हे काय करून बसलो?

संध्याकाळी हर्षदा आली. वहिनीने कागदांची गुंडाळी आणि रंगाचा डबा तिच्यासमोर आणून ठेवला. पोरगी हिरमुसली होती. ‘काकू, मी काकांना काही वाईट बोलले का?’ वहिनी म्हणाली, ‘नाही ग पोरी. बस, चहा घे.’ आवाज अगदी नेहमीसारखा. मी दारात उभी.

तेवढ्यात दादा आला. अंगात तो नवा शर्ट नव्हता, कामाचाच होता, रंगाने भरलेला. तो ओट्यासमोर उभा राहिला. हर्षदाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. वहिनीकडे बघत होता, आणि मग खाली मान घालून काहीतरी बोलला.

आता आमच्या गल्लीला लागून लूमचं, म्हणजे यंत्रमागाचं, शेड आहे, संध्याकाळची पाळी नुकतीच सुरू झालेली, खटाखट खटाखट. त्याचे ओठ हलले एवढं दिसलं. मला ऐकू आलं नाही.

पण वहिनीला आलं असणार. मी तिच्याकडे बघत होते, तिची हनुवटी वर झाली त्यावरून कळलं मला. तिने पदर खांद्यावरून घेऊन कमरेला खोचला.

‘काय म्हणालात?’

तो जरा मोठ्याने बोलला. शब्द विरून गेले.

‘ऐकू येत नाही,’ वहिनी म्हणाली. ‘लूम चालू आहे. मोठ्याने बोला.’

दादाने मान वर केली. या माणसाने आयुष्यभर शिडीखालून तिच्यावर ओरडलेलं मी ऐकलंय. पण असा आवाज त्याचा मी कधी ऐकला नव्हता. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या.

‘हाऊ हात मना नही!’ तो ओरडला. ‘हिना शे! भागीरथीना शे! पहिलेपासून हिनाच शे! मी निस्त्या रेघा मारेत!’

गल्लीत दारं उघडली. पोरं खेळायची थांबली. हर्षदा कपबशी हातात घेऊन उठूनच उभी राहिली. हात हिचा, माझ्या नुसत्या रेघा, हे अहिराणीतलं तिला सगळं नसेल कळलं, पण त्याचं बोट कोणाकडे होतं ते दिसत होतं. समोरून इंदुबाई पदर सावरत धावत आली, ‘काय व्हयनं वं? कोन भांडी राहिनं?’

‘कोणी भांडत नाही,’ मी म्हटलं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि मी हसतही होते. ‘माझा भाऊ खरं बोलतोय.’

‘एवढ्या जोरात?’ इंदुबाई म्हणाली.

वहिनी रडली नाही. तिने हर्षदासमोरची गुंडाळी उचलली, एक कोरा ताव ओट्यावर पसरला आणि चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवली. मग दादाकडे पाहिलं. तो अजून तिथेच उभा होता, धापा टाकत.

‘आता ऐकू आलं,’ ती म्हणाली. ‘या इकडे. उजेड आहे तोवर आखून द्या.’